अं मोजणारा माणूस

‘अध्यक्षमहाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ हे एक वाक्य मला उत्तम बोलता येतं. इयत्ता चौथीपासून येतं. अडचण आहे ती त्याच्या पुढच्या वाक्याची.

चौथीत असताना एक ऑगस्टला, म्हणजे टिळक पुण्यतिथीला, मला शाळेत भाषणासाठी उभं केलं होतं. मराठी मुलाला जन्मात एकदा तरी टिळकांवर भाषण करावंच लागतं. गोवर आणि कांजिण्या यांसारखाच तो प्रकार आहे. भाषण वडिलांनी लिहून दिलं होतं आणि आईने मला न्हाऊ घालताना, जेवू घालताना आणि झोपवताना ते पाठ करून घेतलं होतं. पण प्रत्यक्ष उभा राहिलो आणि समोरचे डोळे बघून डोक्यातली पाटी कोणी ओल्या फडक्याने पुसावी तशी स्वच्छ झाली. ‘बालमित्रांनो’ हे मी तीनदा म्हणालो. मग शेंगांची गोष्ट अंधूक आठवली आणि मी ठणकावून सांगितलं, की टिळकांनी शेंगा खाल्ल्या, आणि म्हणून टरफलं उचलली! गुरुजींनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. घरी आल्यावर वडिलांनी जे केलं, त्याला भाषण म्हणता येणार नाही.

त्यानंतर पन्नासएक वर्षं मी व्यासपीठ या वस्तूपासून चार हात लांब राहिलो. पण निवृत्तीचा दिवस कोणाला चुकलाय? कचेरीत माझा निरोपसमारंभ झाला, शाल आणि नारळ हातात आले आणि साहेब म्हणाले, “आता सत्कारमूर्ती चार शब्द बोलतील.” मी उठलो, “मी आपला आभारी आहे,” असं म्हणालो आणि खाली बसलो. मोजून चार शब्द. लोकांना तो विनोद वाटला. टाळ्यासुद्धा पडल्या. पण ज्यांच्याबरोबर तीस-बत्तीस वर्षं डबा खाल्ला, त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. ते सगळं घशात घेऊन मी रिक्षात बसलो. नारळ मांडीवर होता आणि आवंढा गळ्यात.

“घरात बरं सगळं सुचतं!” सौ. म्हणाली. तिचं म्हणणं रास्त होतं. आमच्या घरात माझ्या वक्तृत्वाला श्रोता एकच, आणि तो बहुधा स्वयंपाकघरात पाठमोरा असतो. त्यामुळे भीती वाटत नाही.

तर अशा रीतीने, लोक ज्या वयात मौन धरायला शिकतात त्या वयात मी बोलायला शिकण्यासाठी एका वक्तृत्व मंडळात दाखल झालो.

या मंडळांचा मूळपुरुष म्हणजे राल्फ स्मेडली नावाचे एक अमेरिकन गृहस्थ. वायएमसीएमध्ये शिक्षणाचं काम बघताना त्यांच्या ध्यानात आलं, की तरुण मंडळींना चारचौघांत उभं राहून बोलता येत नाही. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात, त्यांनी पहिलं ‘टोस्टमास्टर्स’ मंडळ भरवलं. हे नाव ऐकून मला प्रथम पाव भाजण्याचा वर्ग असावा असं वाटलं होतं. मेजवानीत जो पुढे होऊन वक्त्यांची ओळख करून देतो आणि पेले उंचावायला सांगतो, त्याला तिकडे टोस्टमास्टर म्हणतात. आता ही हकीकत पुण्यात सांगायची सोय नाही. पुणेकर लगेच म्हणणार, “त्यात काय विशेष? आमच्या रानड्यांनी १८७५ सालीच वक्तृत्वोत्तेजक सभा काढली होती!” खरं आहे. तिची वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. पण व्याख्यानमालेत एकाने बोलायचं आणि शेकडोंनी ऐकायचं असतं. स्मेडलींच्या पद्धतीत सगळ्यांनी पाळीपाळीने बोलायचं, आणि मुख्य म्हणजे वेळ संपली की थांबायचं. पुणेकराला बोलण्यासाठी उत्तेजनाची गरज रानड्यांच्या काळी असेलही. हल्ली गरज आहे ती दुसऱ्या गोष्टीची.

आमचं मंडळ त्या जागतिक संस्थेतलं नव्हे. रीत मात्र तिचीच उचललेली. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही एका शाळेच्या वर्गात जमतो आणि गुडघे हनुवटीला लावून मुलांच्या बाकांवर बसतो. ठरलेलं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला तांबडा. भाषण झालं की एक समीक्षक उठतो आणि दोन-तीन मिनिटांत गुणदोष सांगतो. आधी गुण, मधे दोष, शेवटी पुन्हा गुण. लहान मुलाला गुळात घालून गोळी देतात ना, तसं. आणि एक माणूस कोपऱ्यात वही घेऊन बसतो. वक्ता किती वेळा ‘अं’ म्हणाला, किती वेळा ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे की’ म्हणाला, ते मोजणं हे त्याचं काम. वक्ता विचार करताना रिकामी जागा आवाजाने भरून काढतो, ती सवय मोडावी हा त्यामागचा हेतू.

पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देण्याचं, चार ते सहा मिनिटांचं. माझी ओळख एक मिनिट पन्नास सेकंदांत संपली. साठ वर्षांच्या आयुष्यात इतकाच मजकूर निघावा याचं मलाच वाईट वाटलं. पण समीक्षक म्हणाले, “वेळेच्या आत थांबण्याची यांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे!” गोळी लागली, पण गूळही लागला. मी पुन्हा गेलो.

घरी सराव सुरू झाला. दिवे कुठून आणायचे? सौ. भाजी निवडायला बसायची, तेव्हा मी समोर उभा राहायचो. पाचव्या मिनिटाला ती हिरवी मिरची वर करायची, सहाव्याला लिंबू आणि सातव्याला टोमॅटो. सुरुवातीला मिरची दिसण्यापूर्वीच माझं बोलणं आटोपायचं. हळूहळू लिंबापर्यंत मजल गेली. पुढे पुढे टोमॅटो दिसला तरी मी थांबेना, तेव्हा सौ.ने तो फेकण्याची तयारी दाखवली. दोन वर्षांत मला एकदा पहिलं बक्षीसही मिळालं. एक पेन. ते अजून उठतं.

मंडळात पगारी माणूस नाही. सगळी कामं आम्हीच करायची. बाकं सरकवणं, फळा पुसणं, चहाचा थर्मास आणणं, शेवटी कागदी पेले गोळा करून दिवे घालवणं. मी उत्साहाने ती करू लागलो. शेंगा कोणीही खावोत, टरफलं मी उचलत होतो. टिळकांवरच्या त्या भाषणाचं प्रायश्चित्त म्हणा ना! फक्त एक कबूल करायला हवं. टरफलं किती उचलली याचा हिशेब मी मनात ठेवत होतो. वार्षिक सभेत अध्यक्षांनी माझ्या ‘निरपेक्ष सेवे’चा उल्लेख केला नसता तर मी निरपेक्षपणे रुसलो असतो.

आणि मग मला ‘अं’ मोजण्याचं काम मिळालं.

माणसाला अधिकार चढतो म्हणतात, तो कसा चढतो ते मला तेव्हा कळलं. हातात वही आणि पेन्सिल. समोर नामवंत वकील बोलताहेत, डॉक्टर बोलताहेत, प्राध्यापक बोलताहेत आणि मी शांतपणे एकेक रेघ ओढतोय. चार उभ्या, पाचवी आडवी. सगळ्यांत शेवटी मी उठायचो आणि एकेकाचा आकडा वाचायचो. वकिलांचे चौदा. डॉक्टरांचे नऊ. प्राध्यापकांच्या ‘म्हणजे’ची संख्या इथे देत नाही, त्यांची मुलगी लग्नाची आहे.

ही खोड पुढे वर्गाबाहेर आली. टीव्हीवर मंत्री बोलू लागले की मी मोजायचो. शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाला गुरुजी कलावतीच्या कथेत तीनदा अडखळले, ते मी त्यांना दक्षिणेबरोबर सांगितलं. सौ. एकदा विजेच्या बिलावरून माझ्यावर चिडली होती. तिचं संपल्यावर मी म्हणालो, “सुरुवात परिणामकारक होती. मधला भाग थोडा लांबला.” ती म्हणाली, “मी भांडताना एकदाही ‘अं’ म्हणाले नाही, तेवढं लिहून घ्या!” खरंच म्हणाली नव्हती.

अशात, एका पावसाळ्यात, आमच्या मंडळात एक निवृत्त पोस्टमास्तर येऊ लागले. वय पंचाहत्तरच्या पुढे. छत्री दाराशी उभी करायची, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचं आणि सगळ्यांचं मन लावून ऐकायचं. आम्ही त्यांना मास्तरच म्हणू लागलो. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द पोचवले, आता स्वतःचे चार पोचवून बघावेत म्हणून आलो, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. त्यात चार ‘अं’ होते.

तिसऱ्या महिन्यात त्यांचं भाषण लागलं. मला आठवतं ते इतकंच, की त्या दिवशी माझी पेन्सिल थांबायलाच तयार नव्हती. एक रेघ ओढतो तोवर दुसरा ‘अं’. चार उभ्या, पाचवी आडवी. तांबडा दिवा लागला, मास्तर खाली बसले. शेवटी मी उठलो आणि म्हणालो, “मास्तर, सत्तावीस! आमच्या मंडळातला आजवरचा उच्चांक.”

कोणी हसलं नाही. आकडाच इतका मोठा होता, की लोक थक्क झाले असावेत, असं मला वाटलं. मास्तरांनी खिशातून छोटी डायरी काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

घरी आल्यावर पाटावर बसतो न बसतो तोच मी ती बातमी सांगितली. “सत्तावीस!”

“अगंबाई! कशावर बोलले हो?” सौ.ने विचारलं.

मी आमटीत बोटं बुडवून तसाच थांबलो. कशावर बोलले? मी डोकं खाजवलं. वही आणून बघितली. वहीत रेघांचे पाच जुडगे होते आणि दोन रेघा सुट्या. दुसरं काहीही नव्हतं.

“सात मिनिटं समोर बसला होतात ना?” सौ. म्हणाली. “मग ऐकलंत काय?”

जेवण झाल्यावर, काहीतरी निमित्त काढून, मी आमच्या सेक्रेटरीबाईंना फोन केला आणि मास्तरांच्या भाषणाचा विषय सहज विचारावा तसा विचारला. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, “तुम्हाला खरंच कळलं नाही? आम्हाला वाटलं...” त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. भाषण काय होतं ते सांगितलं.

मास्तर आपल्या बायकोबद्दल बोलले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची वाचा गेली. दोन वर्षं ती होती, पण तोंडातून एकच आवाज निघायचा. अं. चहा हवा, अं. नको, अं. खिडकी लावा, मुलीला पत्र टाका, आता झोपा, सगळं अं. त्या दोन वर्षांत तो एक आवाज आपण कसा वाचायला शिकलो, ते मास्तरांनी सांगितलं होतं. सांगताना ते तिच्यासारखं म्हणून दाखवत होते.

आणि मी मोजत होतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. माणूस झोप न आल्यावर प्रथम वकिली करतो. मी काय चुकलो? माझं काम मोजण्याचं. मी मोजलं. सत्तावीस होते, सत्तावीस सांगितले. खरं बोलावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. गोडही बोलावं असं शिकवलेलं आहे. पण दोन्ही एकदम जमेना तर काय करावं याबद्दल शास्त्रकारही जरा मोघमच आहेत. मी खोटं काहीच बोललो नव्हतो.

पण वकिली टिकेना. मोजलेली गोष्ट खरी असते हे कबूल, पण खरी गोष्ट तेवढीच असते काय? मला गांधीजी आठवले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते बॅरिस्टर म्हणून पहिला खटला चालवायला उभे राहिले आणि उलटतपासणीला तोंडातून शब्द फुटेना. फीचे तीस रुपये परत घ्या म्हणाले आणि खटला सोडला. हे त्यांनी स्वतःच ‘सत्याचे प्रयोग’मध्ये लिहून ठेवलं आहे, आणि या बुजरेपणानेच आपण शब्द जपून वापरायला शिकलो असंही म्हटलं आहे. मी त्या दिवशी त्या कोर्टात वही घेऊन बसलो असतो तर काय लिहिलं असतं? ‘अं : शून्य. उत्तम.’

दुसरे आठवले साने गुरुजी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. म्हणजे वही-पेन्सिल घेऊन समोर बसणं हे काम हलकं नाही. त्यांच्याही हातात वहीच होती आणि माझ्याही. एका वहीतून पिढ्यांना पुरेल असं पुस्तक निघालं, एकीत सत्तावीस रेघा निघाल्या.

पुढच्या शनिवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. आपल्या शब्दांनी एक म्हातारा माणूस कायमचा मुका झाला, या विचाराने मी वाळू लागलो. अखेर पत्ता मिळवून एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. जिना चढताना माफीचं भाषण मनाशी म्हणत होतो. दोन मिनिटांचं, सुटसुटीत.

मास्तरांनी दार उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा. “या, या! अहो, नाशकाला मुलीकडे होतो. मोतीबिंदू काढला. परवाच आलो.”

म्हणजे मी समजत होतो तो घाव मी केलेलाच नव्हता. तो नाशिकच्या डॉक्टरांनी केला होता. पश्चात्तापातसुद्धा माणूस स्वतःला किती मोठा समजतो बघा! तरी आलोच आहोत तर बोलून टाकावं म्हणून मी घसा साफ केला.

“मास्तर, त्या दिवशीच्या त्या... अं... मोजणीबद्दल मला...”

“एक!” मास्तर म्हणाले.

मी पुढचं सगळं विसरलो. ते मात्र हसत हसत उठले आणि डायरी घेऊन आले. त्यात त्या दिवसाच्या तारखेखाली २७ हा आकडा होता आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

“मलाच तुम्हाला भेटायचं होतं,” ते म्हणाले. “मला हे भाषण माझ्या मुलीपुढे आणि नातवंडांपुढे करायचंय, वर्षश्राद्धाच्या दिवशी. त्यासाठीच तर मंडळात आलो. आता मला सांगा, या सत्तावीसमधले माझे किती आणि तिचे किती?”

मी गप्प.

“नाही म्हणजे, माझे मला काढून टाकायचेत. तिचे राहू द्यायचेत. तुम्ही मोजलेत, तेव्हा म्हटलं तुम्हाला माहीत असणार.”

या माणसाला माझ्याकडून खोटी स्तुती नको होती. माझी माफीही नको होती. त्याला माझी मोजणीच हवी होती, पण ऐकून केलेली. त्याला गूळ नको होता, गोळीच हवी होती. आणि मी गोळी न बघताच देऊन मोकळा झालो होतो. इतके दिवस मी डोकं खाजवत होतो, की खरं सांगावं की गोड सांगावं. प्रश्नच चुकीचा होता. आधी ऐकावं. मग जे सांगाल ते बहुतेक खरंही निघतं आणि कडूही लागत नाही.

“मास्तर, पुन्हा एकदा म्हणून दाखवाल?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि उभे राहिले. समोर खुर्चीत मी एकटा. वही नाही, पेन्सिल नाही, दिवे नाहीत. चहाचा ‘अं’ कसा आखूड आणि वर चढत जाणारा, रागाचा कसा नाकातला, मुलीचं पत्र वाचून दाखवताना मधेच येणारा कसा लांब, हे मी त्या दिवशी ऐकलं. एका ठिकाणी मास्तर म्हणाले, “तिचं सगळं मला एका अक्षरात कळायचं. मी वाक्यंच्या वाक्यं बोलायचो, त्यातलं तिला किती पोचत होतं, ते मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.” एवढं बोलून ते थांबले. बराच वेळ थांबले. त्या थांबण्यात ‘अं’ नव्हता.

बोटांवर मोजून मी त्यांना सांगितलं, “तुमचे नऊ, मास्तर. बाकीचे वहिनींचे.” मग आम्ही दोघांनी बसून ते नऊ कुठे कुठे येतात ते शोधलं. चहा मास्तरांनीच केला. कप मी विसळले. त्याचा हिशेब ठेवला नाही; म्हणजे, इथे लिहिलाय तेवढाच.

मंडळातलं मोजण्याचं काम मी सोडलेलं नाही. सोडणं सोपं होतं, पण कोणीतरी मोजायला हवंच. फक्त आता वहीत रेघांच्या वर एक ओळ लिहितो : हा माणूस काय सांगत होता. ज्या दिवशी ती ओळ लिहिता येत नाही, त्या दिवशी आकडा वाचत नाही. वकिलांना वाटतं, आपली सुधारणा झाली.

मास्तरांकडून परत आलो तेव्हा सौ. भाजी निवडत होती. “काय म्हणाले?” तिने विचारलं. मी समोर बसलो आणि सांगू लागलो. चहाचा अं, रागाचा अं, पत्राचा अं. काही वेळाने तिने सवयीने मिरची वर केली. मग लिंबू. मी बोलतच होतो. बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं, तर टोमॅटो तिच्या हातात तसाच होता. वर करायचा राहून गेला होता.

मी थांबलो.

“अं?” ती म्हणाली.

मला कळलं. मी पुढे सांगू लागलो.